‘नाही’ म्हणणारा ऑपरेटर

धुळ्याजवळ अवधानच्या गोडाऊनात कापसाच्या गाठी हलवताना एका हमालाचा पाय घोट्यापाशी मोडला. ठेकेदाराने फोर्कलिफ्टच्या नेहमीच्या ऑपरेटरऐवजी एका तरुणाला पाठवलं होतं. तो गाठी पुढे धरून उतारावरून सरळ खाली आला, मध्येच ब्रेक दाबला आणि वरची गाठ घसरली. एक गाठ साधारण १७० किलोची. हमाल त्या वेळी ट्रकच्या चाकाला ठोकळा लावत होता. तरुणाच्या खिशात लॅमिनेट केलेलं कार्ड होतं. फोटो, शिक्का, सगळं व्यवस्थित. मुलगा बेफिकीर नव्हता. भरलेली फोर्कलिफ्ट उतारावरून रिव्हर्समध्ये खाली आणायची असते, माल कायम चढाच्या बाजूला ठेवायचा असतो, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

अवधानचं हे गोडाऊन आणि जळगाव एमआयडीसीतलं पाइपांचं गोडाऊन, दोन्हीकडची माणसं मीच नेमतो. त्या दिवसापासून कार्ड पाहून मी कुणालाही गाडीवर बसू देत नाही. गोडाऊन चालवणाऱ्या प्रत्येकाला माझं हेच सांगणं आहे.

आधी लायसन्सचा घोळ. उमेदवार येतो तो कारचं, ट्रॅक्टरचं नाहीतर ट्रकचं लायसन्स घेऊन. १९८८च्या मोटार वाहन कायद्यानुसार केवळ कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरण्यासाठी बनवलेलं खास वाहन ‘मोटार वाहन’ ठरत नाही. म्हणजे आवारातल्या आवारात फोर्कलिफ्ट चालवणाऱ्याची परीक्षा आरटीओ घेत नाही. ती आपल्यालाच घ्यावी लागते. पण जळगावच्या एमआयडीसीत ट्रक बऱ्याचदा गेटबाहेर रस्त्यावरच उभा राहतो आणि गाडी माल उतरवायला बाहेर काढली जाते. रस्त्यावर आली की तिला नोंदणी, विमा आणि चालवणाऱ्याला योग्य लायसन्स लागतं. यातलं काही नसेल तर ट्रक आत घ्या. जागा नसेल तर जागा करा, पण रस्त्यावर गाडी काढू नका.

आपल्या खान्देशात ट्रॅक्टर आणि जेसीबीवर हात बसलेली मुलं भरपूर. मेहनती असतात, मशीनला घाबरत नाहीत. पण ट्रॅक्टर पुढच्या चाकांवर वळतो आणि फोर्कलिफ्ट मागच्या. वळताना तिचं मागचं अंग बाहेर झेपावतं आणि शेजारी उभ्या माणसाला दाबतं. जुनी सवय इथे उलटी पडते, म्हणून ‘दहा वर्षं ट्रॅक्टर चालवलाय’ हे ऐकून मी खूश होत नाही. हात चांगला असलेल्या मुलाला प्रशिक्षणाला जरूर पाठवा, त्याचा खर्चही उचला. पण शिकून येईपर्यंत चावी त्याच्या हाती देऊ नका.

चाचणी आपल्याच फरशीवर, आपल्याच मालावर घ्यावी. मी उमेदवाराला गाडीजवळ नेतो आणि गप्प उभा राहतो. जाणकार माणूस बसण्याआधी गाडीभोवती फिरतो. टायर बघतो, साखळ्या बघतो, खाली तेल गळलंय का ते पाहतो, फोर्कला तडा आहे का हे वाकून बघतो. बसल्यावर पट्टा बांधतो, हॉर्न आणि ब्रेक तपासतो. सरळ किल्ली फिरवणाऱ्याविषयी माझं मत तिथेच बनतं.

मग क्षमतेची प्लेट वाचायला सांगतो. ३ टनी गाडी ३ टन उचलते ते मालाचा गुरुत्वमध्य फोर्कच्या उभ्या बाजूपासून प्लेटवर लिहिलेल्या अंतराच्या आत असेल तेव्हाच. बहुतेक गाड्यांवर हे अंतर ५०० मिलिमीटर असतं. माल लांबट असेल, मध्य पुढे सरकला असेल तर तीच गाडी कमी उचलते. मास्ट फार उंच नेला तरी कमी. गाठी धरायचा क्लॅम्प बसवला तर आणखी कमी, आणि मग प्लेटही नवी लागते. हे ज्याला चार वाक्यांत सांगता येतं त्याने काम समजून केलेलं असतं.

पाइपांची मोळी हा आमच्याकडचा खरा कस. ६ मीटरची मोळी आडवी धरली की दोन्ही टोकं गाडीच्या बाहेर कितीतरी जातात. बघायचं ते असं: फोर्क जमिनीपासून वीतभरच वर आहेत ना, मास्ट मागे झुकवलाय ना, वळण्याआधी तो थांबून दोन्ही टोकं बघतो ना. माल उंच धरून जो वळतो त्याला मी घरी पाठवतो, मग त्याचा हात कितीही सफाईदार असो.

शेवटी मी उघड जास्त वजनाचा माल दाखवून म्हणतो, ‘उचला.’ गाडी जागेवरच असते आणि आसपास कुणी नसतं. प्लेट न पाहता लिव्हरला हात घातला की मी थांबवतो. एकाने गाडी बंद केली, खाली उतरला आणि म्हणाला, ‘शेठ, मी नही उचलस.’ त्याला मी त्याच दिवशी कामावर घेतलं. ट्रकवाला घाई करतो, मुकादम ओरडतो, शेठ फोनवर असतो. अशा वेळी ‘नाही’ म्हणता येणं ही या कामातली सगळ्यात मोठी पात्रता आहे असं मी मानतो.

मात्र त्या ‘नाही’मागे मालकाने उभं राहायला हवं. नेमणुकीच्या पत्रातच लिहा की असुरक्षित माल नाकारल्याबद्दल पगार कापला जाणार नाही. मुकादमासमोर ते वाचून दाखवा. माणूस ठेकेदाराचा असला तरी चाचणी तुमचीच, आणि बदली माणूस आला तर त्याचीही. सीझनमध्ये गाडी तासभर उभी राहिली तरी चालेल.

पगारात हात आखडू नका. शिकलेला ऑपरेटर भिवंडी-चाकणला सहज जातो, आणि मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली आठ तास काढणं काय असतं हे जळगावकरांना वेगळं सांगायला नको. पाणी, पंखा आणि मधली सुट्टी हा सुरक्षिततेचाच भाग आहे. थकलेला माणूस मागे वळून बघत नाही.

अमेरिकेत फोर्कलिफ्ट चालवणाऱ्याची कामगिरी किमान दर ३ वर्षांनी तपासावी लागते, आणि अपघात झाला किंवा गाडीचा प्रकार बदलला की पुन्हा शिकवावं लागतं. आम्ही ती तपासणी दरवर्षी घेतो, कापसाचा हंगाम सुरू व्हायच्या आधी. जुन्या माणसांनाही त्यातून सूट नाही.