बेडूक सगळे सारखेच का? (परिसर अभ्यास)



"सर, बेडूक म्हणजे बेडूकच ना?" पावसाळ्यात वर्गात हा प्रश्न येतोच. उत्तर आपल्या सह्याद्रीत आहे.

कोयनेच्या (जि. सातारा) एका टोडाची, म्हणजे खरखरीत कातडीच्या बेडकाची, शास्त्रीय नोंद १९६३ मध्ये झाली. आंबोलीचा (जि. सिंधुदुर्ग) टोड त्याचाच भाऊबंद. पण २००९ मध्ये तो वेगळी जात ठरला. अंगावर वाघासारखे पट्टे, म्हणून नाव 'टायगरिना'.

असं का होतं? मुलांना कानगोष्टीचा खेळ द्या. एकच वाक्य, दोन गट, दोन वर्गखोल्या. शेवटी दोन वेगळीच वाक्ये निघतात! तसेच दूर राहिलेल्या बेडकांच्या डीएनएमध्ये पिढ्यान्‌पिढ्या वेगवेगळे बदल साठत जातात. शास्त्रज्ञ शरीररचनेसोबत हे बदलही ताडून बघतात.

हे कळून उपयोग काय? आंबोलीचा टोड फक्त त्याच परिसरात आढळतो, आणि तो 'अतिसंकटग्रस्त' आहे. तिथे संपला, तर कोयनेचा टोड त्याची जागा भरून काढणार नाही.

म्हणून संभाजीनगरहून पावसाळी सहलीला आंबोलीला गेलात, तर गाडी हळू चालवा. कातळावरच्या डबक्यांत पाय टाकू नका. मुलं आपलं बघूनच शिकतात!