टोपाची घडण : केशसंभाराचा एक पाठ



मनुष्याचे रूप पालटावयाचे असेल तर प्रथम काय पालटावे? असा प्रश्न केल्यास तुमच्यापैकी बहुतेक जण वस्त्रांचे किंवा मुखावरील रंगाचे नाव घ्याल. रंगभूमीवर आयुष्य घालविलेला मनुष्य मात्र चटकन उत्तर देईल, "केस." डोक्यावर जटा बांधल्या की वर्गातील मुलगा विश्वामित्र होतो, मधोमध भांग पाडून मागे अंबाडा घातला की तोच मुलगा कौसल्या होतो. अंगावरचे कपडे तेच असले तरी चालते. केशरचना चुकली तर मात्र भरजरी शालूही पात्राला वाचवू शकत नाही.

या केशरचनेसाठी जे साधन वापरतात त्याला आपल्या रंगभूमीवर 'टोप' म्हणतात. त्याची घडण कशी असते आणि तो घरच्या घरी कसा करता येतो, याचा पाठ मी येथे देणार आहे. हा पाठ मी पुस्तकातून शिकले नाही. एका चुकीतून शिकले, आणि ती चूक माझीच होती. तिची हकिकत योग्य ठिकाणी सांगेन.

आपल्या रंगभूमीवरील टोप

माझी मातृभाषा कोकणी. माझे आजोळ गोव्यातील पेडणे महालात आहे. तेथे देवळाच्या जत्रेत रात्रभर दशावतारी नाटक चाले. आम्ही मुले नाटकापेक्षा रंगपटातच अधिक रमत असू. दशावतारी नट आपला चेहरा आपणच रंगवितो. समोर लहानसा आरसा ठेवून दिवसभर शेतात राबलेला एखादा गृहस्थ रंग लावी, केस घट्ट बांधून त्यावर टोप चढवी, अंबाड्यात फुले माळी आणि उठून उभा राही. तो उभा राही तेव्हा त्याची चालही पालटलेली असे. हा क्षण मी अनेकदा पाहिला आहे. टोप डोक्यावर घट्ट बसल्याखेरीज तो कधीच येत नसे.

मराठी नाटकात स्त्रियांच्या भूमिका दीर्घकाळ पुरुषच करीत. १८४३ साली सांगलीस विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले, तेव्हापासून ही रीत चालत आली. तिचा कळस म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस, अर्थात बालगंधर्व (१८८८–१९६७). 'मानापमाना'तील भामिनी, 'स्वयंवरा'तील रुक्मिणी आणि 'एकच प्याला'तील सिंधू या त्यांच्या भूमिका गाजल्या. त्यांची लुगडी नेसण्याची आणि केस बांधण्याची पद्धत पाहून घरंदाज स्त्रिया तिचे अनुकरण करीत. पुढे चित्रपट आला तेव्हाही हेच झाले. दादासाहेब फाळके यांच्या १९१३ सालच्या 'राजा हरिश्चंद्रा'त राणी तारामती झाले ते अण्णा साळुंके नावाचे पुरुष नट.

घरातही कृत्रिम केस नवे नाहीत. विरळ वेणीत गंगावन मिसळून ती भरदार करण्याची रीत तुमच्या आज्यांना ठाऊक असेल. टोपाचे तत्त्व त्याहून निराळे नाही.

दुरून ओळखू येणारे केस

आता थोडे जपानकडे वळू, कारण आमच्या शाळेत टोपाचा प्रश्न उभा राहिला तो जपानमुळेच. तेथील 'ॲनिमे' म्हणजे चलच्चित्रांच्या मालिका तुम्ही आवडीने पाहता. त्यांतील पात्रांचे केस निळे, सोनेरी, काट्यांसारखे उभे किंवा घोट्यापर्यंत लोंबणारे असतात. त्या पात्रांचा वेष करून मिरविण्याच्या छंदाला 'कॉस्प्ले' म्हणतात. इंग्रजीतील 'कॉस्च्यूम' आणि 'प्ले' हे शब्द तोडून-जोडून जपानी लोकांनी हा शब्द केला. तो १९८०च्या दशकात रूढ झाला.

हे केस इतके प्रचंड का? चित्रकाराला थोड्या रेषांत पात्र उभे करावयाचे असते. बहुतेक पात्रांचे डोळे मोठे, नाक लहान, चेहरे सारखेच. तेव्हा ओळख पटवावयाची ती केसांच्या आकाराने. सावली पाहूनसुद्धा पात्र कळले पाहिजे. रंगासही कधी व्यावहारिक कारण असते. 'ड्रॅगन बॉल'चे कर्ते अकिरा तोरियामा यांच्या नायकाचे काळे केस बलवान रूपात सोनेरी होतात. छापील चित्रकथेत असे केस पांढरेच सोडता येतात. दर चित्रात काळी शाई भरण्याचे श्रम वाचावेत, हाही त्यामागील एक हेतू होता.

जपानी रंगभूमीचा इतिहासही आपल्याशी जुळतो. तेथील काबुकी नाटकात स्त्रियांना १६२९ साली बंदी झाली आणि स्त्रीभूमिका पुरुषांकडे आल्या. काबुकीच्या टोपाखाली नटाच्या डोक्याच्या मापाने ठोकून घडविलेला तांब्याचा पातळ पत्रा असतो आणि त्यावर केस बसवितात. टोपाची खरी कारागिरी न दिसणाऱ्या भागात असते, हे त्यांनी पूर्वीच ओळखले होते. मला ते फार उशिरा उमगले.

झालेली चूक

दोन वर्षांपूर्वी आमच्या स्नेहसंमेलनात वेशभूषेची स्पर्धा होती. आठवीतील एका मुलीने 'सेलर मून' या जपानी मालिकेतील नायिका होण्याचे ठरविले. ही मालिका जपानात १९९२ साली सुरू झाली. नायिकेच्या डोक्यावर दोन बाजूंना दोन गोल अंबाडे आणि त्यांतून खाली सुटलेले दोन लांब सोनेरी शेपटे असतात. वेष तिच्या आईने शिवला. टोप मी मागविला. तो दिसावयास सुंदर आणि भरगच्च होता. जितका जड तितका चांगला, अशी माझी समजूत. डोक्यावर बसवून पाहण्याची तसदी मी घेतली नाही.

मुलगी रंगमंचावर आली आणि वळली. डोके वळले, टोप वळला नाही. तो सरकून तिच्या डोळ्यांवर आला. सभागृह हसले. मीही क्षणभर हसले, हे लपविण्यात अर्थ नाही. मुलगी आत गेली ती पुन्हा बाहेर आली नाही. पुढच्या वर्षी तिने कशातच नाव दिले नाही. वर्गात कविता म्हणावयासही ती उभी राहीना.

दोष तिचा नव्हता, टोपाचा होता. आणि टोप माझ्या निवडीचा होता. मी तिला तसे सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "बाई, मग आपणच करू या का?" त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही टोप करावयास बसलो.

प्रथम टोपी

टोपाचा पाया म्हणजे आतली टोपी. तिच्यासाठी तीन मापे घ्यावीत : कपाळावरून कानांवरून मानेपर्यंतचा घेर, कपाळाच्या केसरेषेपासून मानेच्या खळगीपर्यंतचे अंतर, आणि एका कानापासून माथ्यावरून दुसऱ्या कानापर्यंतचे अंतर. मापे घेण्यापूर्वी स्वतःच्या केसांच्या बारीक वेण्या घालून त्या डोक्यावर सपाट गुंडाळाव्यात व पिनांनी बसवाव्यात. आम्ही पहिले माप मोकळ्या केसांवर घेतले आणि टोपी वाया गेली.

कापड ताणले जाणारे हवे. जुन्या बनियनचे कापड उत्तम. मानेपाशी लवचिक नाडी घालावी. कपाळाच्या आणि कानांच्या कडेला आतून चार लहान क्लिपा शिवाव्यात. त्या बांधलेल्या वेण्यांत अडकतात. टोपी तयार झाली की केस लावण्यापूर्वीच ती घालून उड्या माराव्यात, मान झटकावी. रिकामी टोपी हलत असेल तर भरलेली टोपी पडणारच.

केळीचा सोनेरी धागा

केसांसाठी लोकर, ताग, सूत किंवा बाजारातील कृत्रिम केस चालतात. आम्हांला सोनेरी रंग हवा होता. तो आमच्या दारातच होता. बुऱ्हाणपूर जिल्हा केळीसाठी प्रसिद्ध आहे. घड उतरविल्यावर केळीचे खोड तोडून टाकतात. त्याच खोडाच्या सोपटांतून बळकट, चकचकीत आणि फिकट सोनेरी धागा निघतो. आमच्या जिल्ह्यातील बचत गटांच्या स्त्रिया त्यापासून टोप्या व इतर वस्तू करतात.

सोपट फळीवर ठेवून बोथट पात्याने खरवडले की गर निघून जातो व धागे उरतात. ते स्वच्छ धुवावेत. चीक राहिला तर डाग पडतात. मग सावलीत वाळवून रुंद दातांच्या कंगव्याने विंचरावेत. खोबरेल तेलाचा हात ओझरता फिरविला की धागा मऊ पडतो.

धाग्यांची झालर करण्याची युक्ती सोपी आहे. कागदाच्या पट्टीवर धागे शेजारी-शेजारी पसरावेत, वर दुसरी पट्टी ठेवावी आणि शिवणयंत्रावर दोन टिपा माराव्यात. मग कागद फाडून काढावा. झालर टोपीवर शिवताना मानेपासून आरंभ करून वर जावे. कोकणात घराची कौले वळचणीकडून आढ्याकडे लावतात, तसेच हे. वरची ओळ खालच्या ओळीची शिवण झाकते. दोन ओळींत साधारण दोन सेंटिमीटर अंतर पुरते.

एक सूचना फार महत्त्वाची. केळीचा धागा आणि ताग चटकन पेट घेतात. कृत्रिम केस उष्णतेने वितळतात. टोप घालून निरांजन, समई, फटाके यांच्या जवळ जाऊ नये. कृत्रिम केसांवर इस्त्री किंवा गरम यंत्र फिरविण्यापूर्वी एक बट वेगळी घेऊन पाहावी.

फुगीरपणा कोठून येतो?

भरदार टोप म्हणजे पुष्कळ केस, ही माझी जुनी समजूत येथे मोडली. फुगीरपणा येतो तो केसांखालच्या पोकळीतून. त्याचे दोन उपाय आहेत.

पहिला उपाय आधाराचा. स्पंजाचे तुकडे कात्रीने गोल कापून टोपीवर शिवावेत व त्यांवर धाग्याचा पातळ थर गुंडाळावा. आमचे दोन्ही अंबाडे असेच झाले. आत स्पंज, वर केळीचा धागा. दिसावयास नारळाएवढे, वजन नाममात्र. ॲनिमेतील उभे काटेरी केस करावयाचे तर स्पंजाचे शंकू कापावेत, त्यांवर बटा चिकटवाव्यात आणि टोके पातळ गोंदाने निमुळती करून वाळू द्यावीत.

दुसरा उपाय उलट्या कंगव्याचा. बट सरळ वर धरून कंगवा टोकाकडून मुळाकडे थोडा-थोडा दाबावा. मुळापाशी गुंता साचून उशी तयार होते. मग वरचा थर हलकेच सारखा करून ती उशी झाकावी.

येथे विज्ञानाच्या तासाची आठवण ठेवावी. तरफेच्या पाठात आपण शिकतो की टेकूपासून वजन जितके दूर तितका त्याचा ओढा अधिक. आम्ही अंबाडे प्रथम डोक्यापासून बरेच बाहेर लावले. शेपटे जोडताच टोप दोन्हीकडे ओढला जाऊ लागला. अंबाडे आत सरकविले आणि शेपटे कानांच्या रेषेत उतरविले, तेव्हा ओढा थांबला. शेवटी प्रयोगशाळेतील तराजूवर वजन केले. जुन्या टोपाच्या निम्म्याहूनही ते कमी भरले, आणि आकार मात्र त्याहून मोठा दिसत होता.

केसांतील अलंकार

मूद, राखडी, केवडा, वेणीच्या टोकाचे गोंडे ही आपल्याकडील केशालंकारांची जुनी नावे. नायिकेच्या अंबाड्यांवर तांबड्या गोल चकत्या असतात. मुलीच्या आजीने त्या पाहताच म्हटले, "अगं, ही तर राखडीच!" पुठ्ठ्याच्या चकतीवर तांबडे कापड ताणून आजीनेच त्या केल्या आणि कडेला जरीची किनार लावली. बुऱ्हाणपूरच्या कापडाची आणि जरीची कीर्ती जुनी आहे. सतराव्या शतकात फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निये येथे आला तेव्हा येथील तलम कापड इराण व तुर्कस्तानापर्यंत जात असल्याचे त्याने नोंदविले. त्या गावची किनार जपानी राखडीला लागली, हे मला योग्यच वाटले.

अलंकारांचा नियम एकच : ते हलके असावेत आणि दोऱ्याने आतल्या टोपीलाच शिवावेत. नुसत्या केसांत खोवलेला अलंकार केसांसकट निघून येतो.

समारोप

यंदाच्या स्नेहसंमेलनात ती मुलगी तो टोप घालून आली. मी पडद्याच्या कडेला उभी होते. रंगमंचाच्या मधोमध येऊन ती जोराने वळली. मुद्दाम वळली, हे मला ठाऊक आहे. शेपटे हवेत फिरले आणि पुन्हा खांद्यांवर येऊन विसावले. टोप केसभरही हलला नाही. पारितोषिक दुसऱ्याच मुलाला मिळाले. दुसऱ्या दिवशी मराठीच्या तासाला कविता कोण म्हणणार, असे मी विचारले, तेव्हा तिचा हात वर होता.

काही पालकांनी विचारले, "हे परदेशी सोंग शाळेत कशाला?" त्यांना मी पेडण्याच्या रंगपटाची गोष्ट सांगितली. सोंग कोठलेही असो, ते निभावून नेण्यास माप घ्यावे लागते, तोल साधावा लागतो, आणि दिसणाऱ्या शोभेआधी न दिसणारी टोपी शिवावी लागते. पुढील वर्षी तुमच्यापैकी कोणास राम, जिजाबाई किंवा जपानी वीर व्हावयाचे असेल, तर सुट्टीत केळीचे खोड घेऊन या. मापाची फीत माझ्यापाशी आहे.