पायी यात्रेतील गढूळ पाणी : आधी निवळावे, मग निर्जंतुक करावे

चैत्र लागला की खानदेशातील गावोगावची मंडळी सप्तशृंगी गडाकडे पायी निघतात. जळगाव, एरंडोल, पारोळ्याकडील लोक धुळ्यावरून मालेगाव, देवळा, कळवणमार्गे नांदुरीच्या पायथ्याशी पोहोचतात. पुढे ज्येष्ठात मुक्ताईनगरजवळील कोथळीहून संत मुक्ताबाईंची पालखी पंढरपूरकडे निघते आणि बुलढाणा, जालना, बीड असे जिल्हे ओलांडत महिनाभर चालत राहते. साक्री व धुळे तालुक्यांतील ठेलारी बांधव तर मेंढरांमागे वर्षातील बराच काळ वाटेवरच असतात. या सर्वांना मिळेल ते पाणी प्यावे लागते. चैत्रात ते तळाला गेलेल्या विहिरीचे असते, तर ज्येष्ठात पहिल्या पावसाने गढुळलेल्या नाल्याचे. हल्ली हमरस्त्यावर बाटल्या व जार मिळतात, परंतु आडवाटेच्या मुक्कामी त्यांचा भरवसा धरता येत नाही.

शेतकरी बंधू-भगिनींनो, या लेखाला निमित्त माझ्याच चुकीचे आहे. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असताना गावच्या मंडळीबरोबर मी गडावर पायी गेलो होतो. कृषीचा विद्यार्थी म्हणून पाण्याचे काम माझ्याकडे आले. एका मुक्कामी विहिरीचे पाणी अगदी मातकट होते. मी त्यात तुरटी फिरवली. तासाभराने घागरीचा तळ दिसू लागला, सर्वांनी कौतुक केले आणि आम्ही ते पाणी पोटभर प्यालो. दुसऱ्या दिवशी चौघांना जुलाब लागले. घरी परतल्यावर महिन्याभराने माझ्या चुलत भावाला कावीळ झाली. दूषित पाण्यातून होणारी कावीळ साधारण दोन ते सात आठवड्यांनी दिसते. त्यामुळे तिचा संबंध यात्रेतील पाण्याशी कोणी जोडत नाही. त्या वेळी मीही जोडला नव्हता. तुरटीने पाण्यातील माती खाली बसली होती, पण रोगजंतू सगळे गेले नव्हते, एवढी साधी गोष्ट मला तेव्हा सुचली नाही.

काळ्या मातीचे पाणी लवकर का निवळत नाही?

एका बाटलीत शेतातील मूठभर माती व पाणी घालून हलवा आणि ठेवून द्या. बारीक वाळूचा कण १० सें.मी. खाली यायला एक मिनिटही घेत नाही. चिकणमातीचा दोन मायक्रॉनचा कण (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तेवढेच अंतर उतरायला सहा ते आठ तास घेतो. त्याहून बारीक कण दिवसेंदिवस तरंगत राहतात. आपल्या कापसाच्या काळ्या जमिनीत अशा बारीक कणांचे प्रमाण फार आहे. शिवाय या कणांवर ऋण विद्युतभार असतो. सारख्या भाराचे कण एकमेकांना दूर लोटतात, म्हणून ते एकत्र येऊन जड होत नाहीत. चोपण जमिनीतील सोडियम तर त्यांना आणखी विखरून ठेवतो. म्हणूनच अशा जमिनीत पावसाचे पाणी दिवसचे दिवस गढूळ साचून राहते.

चोपण जमिनीला आपण जिप्सम देतो तेव्हा त्यातील कॅल्शियममुळे विखुरलेले कण जवळ येऊन त्यांची दाणेदार रचना होते. तुरटी पाण्यात हेच काम करते. तिच्यातील ॲल्युमिनियमवर तीन धन भार असल्याने ती जिप्समपेक्षा कितीतरी जोमाने मातीचे कण गोळा करते. त्यांचे कापसासारखे पुंजके बनतात आणि खाली बसताना पाण्यातील बरेच जंतूही बरोबर नेतात. पण बरेच म्हणजे सर्व नव्हेत.

गढूळ पाण्यात औषध वाया जाते

काही जण तुरटी वगैरेच्या भानगडीत न पडता गढूळ पाण्यातच क्लोरीनची गोळी टाकून मोकळे होतात. ही दुसऱ्या बाजूची चूक आहे. ग्लायफोसेटसारखे तणनाशक गढूळ पाण्यातून फवारू नये, हे आपल्याला ठाऊक आहे. मातीचे कण ते धरून ठेवतात, औषध तणापर्यंत पोहोचतच नाही आणि पैसे पाण्यात जातात. क्लोरीनचेही तसेच होते. गाळ आणि कुजलेला पाला क्लोरीन खाऊन टाकतात, शिवाय मातीच्या पुंजक्याआड दडलेल्या जंतूंपर्यंत ते पोहोचत नाही. ठिबक संच वापरणाऱ्या बागायतदाराला तर हे सांगायलाच नको. तो आधी वाळूच्या व जाळीच्या फिल्टरने गाळ अडवतो आणि शेवाळासाठी क्लोरीन प्रक्रिया वेगळी करतो. केळीच्या नळ्यांसाठी आपण जो क्रम पाळतो, तो पोटासाठीही पाळावा.

पाणी निवळण्याची रीत

घरातून निघतानाच १० ग्रॅम तुरटीची पूड एक लिटर स्वच्छ पाण्यात विरघळवून बाटली भरून घ्यावी व तिच्यावर ठळक अक्षरांत ‘तुरटी’ असे लिहावे. वाटेत एक लिटर गढूळ पाण्यास या द्रावणाचा एक चहाचा चमचा, म्हणजे ५ मि.लि., पुरतो. पाणी फार गढूळ नसेल तर तीन मि.लि.च घालावे. २० लिटरच्या कॅनला ६० ते १०० मि.लि. लागेल. द्रावण घातल्यावर एक मिनिट जोराने ढवळावे, नंतर पाच ते दहा मिनिटे अगदी हळू. ही हळू ढवळणी बहुतेक लोक टाळतात आणि मग तुरटीला बोल लावतात. पुंजके एकमेकांना चिकटून मोठे होतात ते याच वेळी. त्यानंतर भांडे अर्धा ते एक तास न हलवता ठेवावे आणि वरचे नितळ पाणी फडक्यातून अलगद ओतून घ्यावे. तळचा गाळ टाकून द्यावा. जास्त तुरटी घातल्याने पाणी जास्त निवळते असे नाही, उलट ते तुरट लागते. नवीन ठिकाणी तीन बाटल्यांत वेगवेगळे प्रमाण घालून पाहिले तर योग्य मात्रा पंधरा मिनिटांत कळते. हाताने खडा धरून घागरीत फिरवण्याची जुनी सवय मात्र सोडावी. हाताचा मळ पाण्यात जातो आणि मात्राही कळत नाही.

तुरटी नसेल तर शेवगा आहेच. झाडावर पूर्ण वाळलेल्या शेंगेतील बी घ्यावे. पंख व साल काढून आतील पांढरा गर बारीक कुटावा, थोड्या पाण्यात कालवून फडक्यातून गाळावा आणि ते दुधाळ पाणी गढूळ पाण्यात मिसळावे. मध्यम गढूळ पाण्याला दोन लिटरमागे एक बी, अति गढूळ पाण्याला लिटरमागे एक ते दोन बिया असे प्रमाण ठेवावे. ढवळण्याची पद्धत तुरटीप्रमाणेच, मात्र निवळायला एक ते दोन तास द्यावेत. सुदानमधील स्त्रिया नाईल नदीचे गढूळ पाणी या बियांनी निवळतात. सामिया अल अझारिया जान या संशोधक बाईंनी १९७०-८० च्या दशकांत त्यावर तेथे काम केले आणि ही रीत जगापुढे आली. एक पथ्य पाळावे. बियांतील सेंद्रिय अंश पाण्यात उरतो, म्हणून असे पाणी दुसऱ्या दिवसासाठी राखू नये.

निवळीच्या बियांचा उल्लेख जुनी माणसे करतात. सुश्रुतसंहितेत पाणी निवळण्याची जी सात साधने सांगितली आहेत, त्यांत ‘कतक’ म्हणजे हीच निवळी आहे. वस्त्रही त्या सातांत आहे. परंतु निवळीचे झाड विषारी काजऱ्याच्या जातकुळीतले असल्याने ओळख पक्की नसताना रानातून बिया गोळा करण्याच्या फंदात पडू नये.

फडक्याला कमी लेखू नये. महाराष्ट्राच्या अनेक भागांत एकेकाळी नारूने लोक बेजार होते. पायऱ्यांच्या विहिरीतील सूक्ष्म जलकीटकांतून नारू पोटात जाई. पायऱ्या बुजवणे आणि पाणी गाळून पिणे या उपायांनी तो हटला. देशातील शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात आढळला आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. बांगलादेशात जुन्या सुती साडीची किमान चार पदरी घडी करून पाणी गाळल्याने पटकीचे रुग्ण जवळपास निम्म्याने घटल्याचे २००३ साली प्रसिद्ध झाले. पटकीचे जंतू पाण्यातील बारीक जीवांना चिकटून असतात, ते जीव घडीत अडकतात. साडी जुनीच हवी, कारण वापराने सूत फुलून विणीची भोके लहान होतात. तरीही सुटे जंतू एक-दोन मायक्रॉनचे आणि काविळीचा विषाणू तर त्याहून कितीतरी बारीक, तो कोणत्याही फडक्यातून आरपार जातो.

नदीपात्रात वाळू असेल तर धारेपासून दीड-दोन मीटर दूर झिरा खणावा. पहिले पाणी उपसून टाकावे, मागून झिरपणारे पाणी बरेच नितळ असते. सातपुड्यातील पाड्यांवर ही रीत जुनीच आहे.

निर्जंतुकीकरण

निवळलेले पाणी खळखळून उकळले की काम होते. वीस मिनिटे उकळत ठेवण्याची गरज नाही. पूर्ण उकळी एक मिनिट टिकली तरी पुरे, उगाच सरपण जाळू नये. दोन हजार मीटरच्या वर तीन मिनिटे लागतात खरी, पण महाराष्ट्रात सर्वांत उंच कळसूबाईच १,६४६ मीटर आहे, तेव्हा तो हिशेब आपल्याला नको.

चालत्या मंडळींना क्लोरीनच्या गोळ्या सोयीच्या. एका लिटरची आणि २० लिटरची गोळी वेगवेगळी येते, पाकीट वाचल्याशिवाय टाकू नये. गोळी विरघळल्यावर अर्धा तास थांबावे. पाण्याला क्लोरीनचा मंद वास यायला हवा. वास नसेल तर तेवढीच मात्रा पुन्हा देऊन आणखी अर्धा तास थांबावे. पाणी काही केल्या नीट निवळलेच नाही तर मात्रा दुप्पट करावी. आमांशाच्या अमीबाची कवचधारी अवस्था मात्र नेहमीच्या मात्रेला सहसा दाद देत नाही. त्यामुळे लहान मुलांना व गर्भवतींना शक्यतो उकळलेलेच पाणी द्यावे. काविळीचा ‘ई’ प्रकार गर्भवतीच्या जिवावर बेततो, येथे आळस करू नये.

ठेलारी बांधवांसाठी आणखी एक बिनखर्ची उपाय आहे. दोन लिटरपर्यंतची पारदर्शक प्लास्टिकची बाटली निवळलेल्या पाण्याने भरून कडक उन्हात सहा तास आडवी ठेवावी. आभाळ असेल तर दोन दिवस ठेवावी. पाणी पुरेसे नितळ आहे का हे पाहण्यासाठी भरलेली बाटली वर्तमानपत्राच्या मथळ्यावर उभी करून तोंडातून खाली पाहावे. मथळ्याची अक्षरे वाचता आली तरच हा उपाय करावा. चैत्र-वैशाखातील जळगाव-भुसावळच्या उन्हाला दुसरा काही उपयोग नसला तरी हा आहे.

दिंडीबरोबर टँकर असेल तर ५,००० लिटर स्वच्छ पाण्यास ३३ टक्के क्लोरीन असलेली ३० ग्रॅम टी.सी.एल. पावडर लागते. ती बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन वरचे पाणीच टँकरमध्ये ओतावे. उघड्या, ओलसर पिशवीतील पावडरीचा जोर गेलेला असतो. मुक्कामाच्या गावी ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठा कर्मचाऱ्याकडून क्लोरीनची तपासणी करून घ्यावी, त्याला पाच मिनिटे लागतात.

कोणत्याही उपायाने न जाणारे

कीटकनाशक, खत आणि क्षार वरीलपैकी कशानेच जात नाहीत. खतातील नायट्रेट तर उकळल्याने पाणी आटून अधिकच दाट होते. म्हणून रस्त्याकडेच्या शेतातील ठिबकच्या नळीला तोंड लावू नये. त्यातून त्या दिवशी विद्राव्य खत किंवा आम्ल सोडलेले असू शकते. फवारणीचा पंप जेथे धुतला जातो त्या डबक्याचे पाणी, मेलेले मासे किंवा तेलकट तवंग असलेले पाणी, ते कितीही नितळ असो, टाळावे. लाल त्रिकोणाचा डबा दहादा धुतला तरी तो पाण्यासाठी वापरू नये. ही सवय आपल्या शेतावर आजही दिसते हे खेदाने नमूद करावे लागते. पूर्णा खोऱ्यातील खारपाण पट्ट्यात विहिरीचे पाणी नितळ दिसते पण खारट असते, तेथे गोडे पाणी आदल्या मुक्कामावरूनच भरून घ्यावे.

पाणी घेण्यापूर्वी गावात विचारावे. हातपंप किंवा नळ असेल तर तेथूनच घ्यावे, पायऱ्यांची विहीर व गुरांचे पाणवठे शेवटी.

आता शंका उरते ती अशी की, जवळ तुरटी नाही, गोळी नाही, सरपण नाही आणि भर दुपारी ४३ अंशात सोबत्याला भोवळ येते आहे, तेव्हा काय करावे? रसायनाचा संशय नसेल तर मिळेल ते पाणी चौपदरी फडक्यातून गाळून त्याला लगेच पाजावे, अंगावर ओतावे आणि सावलीत न्यावे. उष्माघात तासाभरात जीव घेतो, जुलाबावर मात्र उपचार करायला वेळ मिळतो. जुलाब लागलेच तर एक लिटर उकळलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट पाजत राहावे आणि रुग्णाला जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. यात्रेहून परतल्यावर पुढील दोन महिन्यांत कोणाची लघवी गडद पिवळी झाली, अन्नावरची वासना उडाली, तर डॉक्टरांना वाटेत कोठले पाणी प्याले तेही सांगावे.