लेबलावरचे नाव आणि आतला गळा

तबकडीच्या लेबलावरच्या नावावर डोळे मिटून विसंबणारा संग्राहक कधी ना कधी फसतो. हिंदुस्थानात नोव्हेंबर १९०२मध्ये कलकत्त्याला तबकड्यांसाठी ध्वनिमुद्रण सुरू झाले. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जात आणि तिथल्या कारागिरांना कळावे म्हणून गायिका गौहर जान गाणे संपताच स्वतःचे नाव पुकारत. अशी पुकार ऐकू आली, तर ती लेबलाहून भरवशाची.

वेगळे नाव म्हणजे खोटे नाव नव्हे. नवखे लोक इथेच घाई करतात. मिरजेचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब यांच्यापासून १९२२मध्ये त्यांच्या पत्नी ताराबाई माने मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. पुढे त्या मुलांपैकी अब्दुल रहमान सुरेशबाबू माने झाले, चंपाकली हिराबाई बडोदेकर झाल्या, सकीना सरस्वती झाल्या. गंगूबाई हनगलांच्या सुरुवातीच्या तबकड्या ‘गांधारी’ या जन्मनावानेच निघाल्या.

लबाडीचा नमुना विलायतेतला आहे. जॉइस हॅटो या पियानोवादिकेच्या नावावर तिच्या पतीने शंभराहून अधिक सीडी काढल्या. २००७मध्ये त्यांतली एक संगणकात घातल्यावर वादक म्हणून लास्लो सिमॉन यांचे नाव आले. वादन दुसऱ्यांचे होते. काही ठिकाणी त्याची गतीही बदललेली होती. जाणकार समीक्षकांनी त्याआधी तिची तोंडभर स्तुती केली होती, हे विसरू नये.

सातारा-सांगलीकडे जुनी तबकडी किंवा कॅसेट हाती आली, की आधी सनावळी लावावी. संगीत नाटकांतले गायक-नट भाऊराव कोल्हटकर १९०१मध्ये, म्हणजे इथे तबकड्या निघण्याआधीच, वारले. त्यांच्या नावाची तबकडी कोणी दाखवली, तर किंमत विचारण्याचीही गरज नाही. अल्लादिया खाँसाहेबांनी तबकड्या दिल्याच नाहीत. मग लांबी पाहावी. ७८ गतीच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटेच मावत. त्यामुळे करीम खाँसाहेबांचा अर्धा तासाचा ख्याल म्हणून फिरणारी फाईल संशयास्पदच. तबकडीच्या मध्यभागी, लेबलाच्या कडेला कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक कंपनीच्या जुन्या सूचीशी ताडावा. लेबल चुकीचे चिकटू शकते, कोरीव क्रमांक तसा बदलत नाही.

कानावर विसंबायचे तर गती आधी तपासावी. यंत्र जरा जलद फिरले की पट्टी चढते, ताना धावू लागतात आणि ओळखीचा गळाही परका वाटतो. किराणा घराण्याच्या संथ आलापीत हा घोटाळा लवकर लक्षात येत नाही. शिष्य गुरूची हुबेहूब नक्कल करत असला, तर एकट्याने निकाल न देता त्या घराण्याच्या बुजुर्गांना ऐकवावे.

तबकडीची प्रत उतरवताना लेबलावरचा मजकूर चुकीसह जसाच्या तसा टिपावा आणि आपला तर्क निराळ्या रकान्यात लिहावा. खात्री नसेल तर ‘गायक अज्ञात’ एवढेच लिहावे. विक्रेते मात्र त्या दोन शब्दांना फार भितात.