न मागवलेली वाटी

टोकियोत शिंबाशी स्टेशनजवळ रेल्वेच्या पुलाखाली, विटांच्या कमानींच्या आसऱ्याने इझाकायांची, म्हणजे जपानी खाण्यापिण्याच्या अड्ड्यांची, दाटी आहे. कचेऱ्या सुटल्या की टाय सैल केलेले नोकरदार इथे येऊन बसतात, आधी बिअर मागवतात आणि काय खायचं ते मग ठरवतात. अशाच एका ठिकाणी अस्मादिक बसले, तेव्हा हात पुसायच्या गरम रुमालापाठोपाठ समोर एक लहानशी वाटी आली. हिजिकी नावाचं काळं समुद्रशेवाळ, गाजराचे काप, तळलेल्या तोफूच्या पट्ट्या. मागवलं कोणीच नव्हतं. बारमध्ये फुकट येणाऱ्या चकण्याची सवय असलेल्या माणसाने काय समजायचं? दुकानाने पाहुणचार केला, असंच. यात मासा आहे का, असं विचारल्यावर वाढणाऱ्या मुलीने मोठ्या उत्साहाने मान डोलावली. अस्मादिक शाकाहारी. वाटी तशीच राहिली आणि बिलात तिचे 400 येन लागले.

या वाटीला ओतोशी म्हणतात, ओसाकाकडे त्सुकिदाशी. पहिला घास आणि बसण्याचं भाडं यांचा हा एकत्रित प्रकार आहे. दर माणशी साधारण 300 ते 500 येन, महागड्या जागी त्याहून जास्त. जपानी गिऱ्हाइकाला हे लहानपणापासून माहीत असतं, त्यामुळे ते मेनूवर लिहिलेलं असेलच असं नाही. याला लबाडी म्हणता येणार नाही. पण परक्या माणसाला आधी सांगायला हवं, एवढी तक्रार रास्त आहे.

वाटी पुढ्यात आल्यावर हुज्जत घालण्यात अर्थ नसतो. दारातच ‘ओतोशी आरिमास्का?’ असं विचारावं. साखळी पद्धतीच्या काही मोठ्या इझाकाया आधी सांगितलं तर ती वगळतात. सात-आठ जणांच्या काउंटरवर मालकच स्वयंपाकी असेल, तर बहुधा नाही वगळत, आणि तिथे ओतोशीवरूनच त्याच्या हाताची चव कळते असं दर्दी लोक मानतात. मासे खाणाऱ्याने अशा ठिकाणी कुरकुर करू नये.

400 येन फार तर चुटपुट लावतात. शाकाहाऱ्याची खरी अडचण दाशीत आहे. कोंबु हे समुद्रशेवाळ आणि कात्सुओबुशी, म्हणजे धुरी देऊन लाकडासारखा कडक वाळवलेल्या माशाचा कीस, यांचा हा अर्क. जपानी स्वयंपाक त्याच्यावर उभा आहे. 1908 साली टोकियोच्या इम्पिरियल विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी कोंबुमधून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला उमामी हे नाव दिलं. आपल्या चायनीजच्या गाड्यांवरचा अजिनोमोटो त्याच शोधातून पुढच्या वर्षी बाजारात आला. शोध शेवाळातला, तरी वाटीत बहुतेक वेळा मासा असतोच.

मिसो सूप, आगेदाशी तोफूभोवतीचा रस, तेंपुरा बुडवून खायचं पातळ सॉस, अंड्याची गुंडाळलेली पोळी, सोबा आणि उदोनचं पाणी, सगळीकडे दाशी. थंड तोफू हा निरुपद्रवी पदार्थ वाटतो, पण त्याच्यावर माशाचा कीस भुरभुरून देतात. बटाट्याच्या सॅलडमध्ये हॅम, ग्योझात डुकराचं मांस. तांबूस तोफूच्या पिशवीत भात भरलेली इनारी सुशी पाहून शाकाहारी हरखतो. ती पिशवी सहसा दाशीतच मुरलेली असते. भाज्यांचा तेंपुरा कोळंबीच्याच तेलात तळला जातो, हे ज्याला चालतं त्याने खुशाल खावा.

‘बेजितारिअन’ एवढ्याने काम भागत नाही. ऐकणाऱ्याला त्यातून मांस नको एवढंच कळतं, आणि तो तुमच्या भल्यासाठी मासा सुचवतो. निकु (मांस), साकाना (मासे), एबी (कोळंबी) आणि कात्सुओ-दाशी चालत नाही, असं जपानीत लिहिलेलं कार्ड खिशात असावं. पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची वानवा नाही. निघण्यापूर्वी त्यांच्यापैकी कोणाकडून तरी ते लिहून घ्यावं. भाषांतराच्या ॲपवर ऐन वेळी विसंबण्यापेक्षा ते बरं. कार्ड वाचून स्वयंपाक्याने हात जोडून नकार दिला तर राग मानू नये. दाशी मोठ्या पातेल्यात आधीच तयार असते, एका ताटासाठी ती वेगळी करता येत नाही.

मग खायचं काय? मिठातल्या एदामामेच्या शेंगा, काकडीची कप्पा माकी, लोणच्याच्या मुळ्याची माकी, आंबट उमेबोशी घातलेला भाताचा ओनिगिरी. याकितोरीच्या, म्हणजे भाजलेल्या कोंबडीच्या, दुकानात शिशितो मिरच्या आणि शिताके मशरूम सळईवर भाजून मिळतात, मात्र ते ‘शिओ’, म्हणजे नुसतं मीठ लावून मागावेत. ‘तारे’ म्हटलं की गोडसर सॉस येतं, आणि त्या सॉसच्या भांड्यात दिवसभर कोंबडीच्या सळया बुडालेल्या असतात. मनासारखं, निर्धास्त जेवायचं असेल तर इझाकायाचा हट्ट सोडून शोजिन र्‍योरी शोधावी. कोयासानच्या मठांतून पाहुण्यांना हे बौद्ध भिक्षूंचं जेवण मिळतं, त्यात दाशी शेवाळाची आणि मशरूमची असते.

मांसाहाऱ्यांची चैन आहे, पण त्यांनीही दोन शब्द पाठ करावेत: ग्यु म्हणजे गोमांस, बुता म्हणजे डुक्कर. बासाशी हे घोड्याचं कच्चं मांस असतं. कलेजीवाल्यांना याकितोरीत रेबा आणि सुनागिमो, म्हणजे पेटा, दोन्ही आवडतील.

दारूचा हिशेब वेगळाच. नोमिहोदाई म्हणजे ठरावीक पैशात हवी तेवढी प्या, बहुधा 90 किंवा 120 मिनिटं. ती घ्यायची तर टेबलावरच्या सगळ्यांनी घ्यावी लागते, असा नियम अनेक ठिकाणी असतो. चौघांत दोघं न पिणारे असतील तर हा सौदा तोट्याचा. शेवटची ऑर्डर वेळ संपण्याच्या अर्धा तास आधी घेतात, हेही मोजणीत धरावं. न पिणाऱ्यानेही एक पेय घेणं शिष्टाचाराचं समजलं जातं; ऊलाँग चहा चालतो.

शिंजुकूच्या काबुकिचो भागात मात्र शिष्टाचार गुंडाळून ठेवावा. रस्त्यात गाठून ‘स्वस्त इझाकाया दाखवतो’ म्हणणाऱ्याच्या मागे जाऊ नये. तुम्ही शोधत असलेलं नावाजलेलं दुकान भरलंय, आमच्या दुसऱ्या शाखेत चला, ही त्यांची ठरलेली थाप. तिथे बिल अव्वाच्या सव्वा होतं. या दलालांपासून सावध राहा, असं त्या गल्ल्यांतले लाउडस्पीकर सतत सांगत असतात.

सुशीच्या लहान काउंटरवर गोष्टी आणखी चोख. ओमाकासे म्हणजे निवड स्वयंपाक्याची, किंमत आधी ठरलेली. आरक्षणाला बहुधा क्रेडिट कार्डाचा नंबर द्यावा लागतो आणि न कळवता गैरहजर राहिलात तर पैसे कापले जातात. न खाण्याचे पदार्थ आरक्षणाच्या वेळीच सांगायचे असतात. बसल्यावर सांगणाऱ्याला हात चोळत बसावं लागतं. वासाबी मासा आणि भात यांच्या मध्येच लावलेली असते, नको असेल तर ‘साबी-नुकी’ म्हणावं. भपकारा मारणारं अत्तर लावून जाऊ नये. फळ्यावर आकड्याऐवजी ‘जिका’ लिहिलं असेल तर त्या दिवसाच्या बाजाराप्रमाणे दर, आणि तो विचारण्यात कमीपणा नाही. जपानी लोकही विचारतात.

मुलंबाळं बरोबर असतील तर आधी दारावरचा फलक बघावा. एप्रिल 2020 पासून उपाहारगृहांत धूम्रपानाला बंदी आहे, पण आधीपासून चालू असलेल्या छोट्या दुकानांना सवलत मिळाली. जिथे आत सिगारेट ओढू देतात तिथे 20 वर्षांखालच्यांना प्रवेश नाही, आईवडील सोबत असले तरी. अशा कुटुंबाने सरळ कायतेन-झुशी गाठावी. योशिआकी शिराईशी यांनी 1958 साली हिगाशी-ओसाकात या फिरत्या पट्ट्यावरच्या सुशीचं पहिलं दुकान काढलं. बिअरच्या कारखान्यात पट्ट्यावरून सरकणाऱ्या बाटल्या पाहून त्यांना ती कल्पना सुचली होती. 2023 च्या सुरुवातीला काही टवाळखोरांनी पट्ट्यावरच्या सुशीला थुंकी लावल्याचे व्हिडिओ फिरले आणि अनेक दुकानांनी मोकळ्या फिरणाऱ्या बश्या बंद केल्या. आता पडद्यावर बोट ठेवलं की तुमची बशी थेट तुमच्यापुढे येऊन थांबते. पडद्यावर इंग्रजी असते, चित्रं असतात, प्रत्येक बशीची किंमत दिसते. काकडीची माकी, फ्रेंच फ्राइज, आइस्क्रीम असं मुलांचं आणि शाकाहाऱ्यांचं थोडंफार भागतं. टेबलाला एक नळ असतो, तो हात धुवायचा नव्हे. पेल्यात हिरव्या चहाची पूड टाकून तो पेला त्याखाली धरायचा असतो, आणि त्यातून येणारं पाणी जवळजवळ उकळतं असतं. तेव्हा मुलांना नळापासून लांबच्या बाजूला बसवावं.