कुठे चाललीस, हे कुणाला माहीत होतं?

"अकेली हो क्या, मैडम?" त्या माणसाने विचारलं आणि मी "हाँ" म्हणाले. "किधर तक?" "नदी तक जाके वापस." एवढंच बोलणं. इंदूर-खंडवा रस्त्यावर भेरूघाट उतरल्यावर एका फाट्यावर चहाची टपरी आहे, तिथे बाकावर तो माझ्या शेजारी बसला होता. खरं बोलायला मला लहानपणापासून शिकवलं होतं, म्हणून मी खरं बोलले.

ऑगस्ट 2022 मधला रविवार होता. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपासून आमचं घर चालत पाच मिनिटांवर. त्या दिवशी सकाळी सहाला मी घरातून निघताना सासूबाईंना सांगितलं होतं, "आई, शाळेत परीक्षेचं काम आहे, दुपार होईल." ह्यांनाही तेच सांगितलं. मग भंवरकुव्याहून खंडवा रोडची बस धरली. चहाच्या टपरीवरच्या अनोळखी माणसाला माझा सगळा बेत ठाऊक होता आणि माझ्या घरात एकालाही तो ठाऊक नव्हता. त्या दिवसाबद्दल मला जे काही सांगायचं आहे, ते ह्या एका उलट्या हिशेबाबद्दलच आहे.

फाट्यापासून साग आणि पळसाच्या रानातून तासभर उतरलं की चोरल नदी लागते. पावसाळ्यात माळवा किती हिरवा होतो ते इंदूरच्या माणसाला वेगळं सांगायला नको. अर्धा पाऊण तास नदीकाठी बसून मी परत फिरले. वाटेत एक नाला ओलांडायचा होता. त्याच्या पलीकडे वाटेवर आडवी लावलेली मोटरसायकल दिसली. शेजारी टपरीवरचा तो माणूस आणि त्याच्यासोबत आणखी एक जण. मी अजून लांब होते तोच तो म्हणाला, "आ गईं मैडम? देख ली नदी?"

आवाज अगदी साधा होता. त्यात शिवी नव्हती, धमकी नव्हती. पण ह्या माणसाला माझी वाट, माझी वेळ आणि माझ्यामागे कुणी नाही हे सगळं माहीत आहे, आणि ते मीच सांगितलं आहे, हे तेव्हा लख्ख कळलं. माझा पाठलाग करायचीसुद्धा त्याला गरज पडली नव्हती. परतीची वाट एकच होती, तिच्यावर थांबलं की झालं.

फोन काढला, टॉवरची एकही काडी नव्हती. तिखटाचा स्प्रे होता, तो सॅकमध्ये पोळीभाजीच्या डब्याखाली. गुडघ्यातलं बळ गेलं होतं. तेवढ्यात डावीकडून बायकांचं बोलणं ऐकू आलं. दिसत कुणी नव्हतं, चढावर शेत असावं. मी वाट सोडली आणि त्या आवाजाच्या रोखाने चालत सुटले. पळाले नाही. का पळाले नाही ते मला आजही सांगता येत नाही, बहुधा चिखल होता म्हणून. मोटरसायकल सुरू झाली नाही, पण मागून पावलं येत होती.

सोयाबीनच्या शेतात सहासात बायका खुरपत होत्या. मी बांधावरून थेट त्यांच्या मध्ये जाऊन उभी राहिले आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. त्यांतल्या वयस्कर बाईने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे पाहिलं. मला म्हणाली, "बई, याँ बैठ." आणि कंबर सरळ करून, हातात खुरपं तसंच धरून, बांधावरच्या त्या दोघांना तिने मोठ्याने विचारलं, "कौन गाँव का है रे? किसका छोरा है?"

ते उत्तर न देता थोडा वेळ उभे राहिले. तिने पुन्हा तेच विचारलं. बाकीच्या बायकाही उठून बघू लागल्या. मग ते निघून गेले. तिने हात उगारला नव्हता की आरडाओरडा केला नव्हता, फक्त त्यांचं गाव आणि बापाचं नाव मागितलं होतं. त्यांना माझं सगळं ठाऊक होतं आणि त्यांचं कुणालाच काही ठाऊक नव्हतं, तोवर ते जोरात होते.

त्या बायकांच्या शेजारी बसून मी दुपारी तीनपर्यंत खुरपत राहिले. मग ती बाई आणि तिचा मुलगा मला रस्त्यापर्यंत पोचवायला आले, बसमध्ये बसवूनच परत फिरले. पैसे देऊ केले, तर तिने माझा हात मागे सारला.

घरी येऊन मी म्हणाले, "काम लांबलं." पुढची दोन वर्षं हे कुणालाच सांगितलं नाही.

सांगितलं ते सप्टेंबर 2024 मध्ये. महूजवळच्या जाम गेटच्या परिसरात लष्कराचे दोन तरुण प्रशिक्षणार्थी अधिकारी आणि त्यांच्या दोन मैत्रिणी ह्यांच्यावर रात्री हल्ला झाला, मारहाण झाली, एका मुलीवर सामूहिक बलात्कार झाला. पुढच्या वर्षी न्यायालयाने पाच जणांना जन्मठेप दिली. अहिल्याबाईंच्या काळापासून माळव्यातून निमाडात उतरणाऱ्या वाटेवर उभा असलेला तो दरवाजा. आम्ही पावसाळ्यात पोरंबाळं घेऊन तिथे ढग बघायला जातो. त्या आठवड्यात कृष्णपुऱ्यात, राजवाड्यावर, जिथे जावं तिथे एकच वाक्य कानावर येत होतं : मुलींनी जायचंच कशाला? त्या मुली एकट्या नव्हत्या. सोबत फौजेत शिकणारे दोन धडधाकट तरुण होते. तरीही बोट मुलींकडेच. सोबत पुरुष असला की बाई सुरक्षित, ही समजूत त्या रात्री खोटी ठरली होती, पण ते कुणी बोलत नव्हतं. त्या चौघांतल्या एकाला बाहेर खबर देता आली म्हणून मदत पोचली. माझ्या डोक्यात तेच घोळत राहिलं. मी त्या रानात असताना खबर द्यायला माझ्याकडे कुणीच नव्हतं. मला शोधायला निघालेला माणूस आधी शाळेत गेला असता.

त्याच आठवड्यात एका रात्री मी आईंच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. बराच वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, "तेव्हा सांगून निघाली असतीस तर मी ओरडले असते. जाऊ दिलं नसतं. म्हणूनच खोटं बोललीस ना?"

एकटीने हिंडणाऱ्या बाईच्या सुरक्षेचं पहिलं कुलूप घरातच असतं, हे मला त्या प्रश्नाने कळलं. घरचे रागावतील म्हणून बाई लपवून जाते, आणि लपवून गेलेल्या बाईला कुणी शोधू शकत नाही. तेव्हा माझं पहिलं सांगणं तुमच्या आईला, सासूला, नवऱ्याला, भावाला आहे. तिला अडवू नका. तिने खरं सांगून जावं असं घर ठेवा. काळजी वाटत असेल तर "कशाला जातेस" ऐवजी "कोणत्या वाटेने आणि किती वाजेपर्यंत" एवढं विचारा.

आता मी निघण्याआधी एक कागद लिहिते. बस कुठली, उतरायचं कुठे, कोणत्या वाटेने जायचं, बेत बदलला तर दुसरी जागा कोणती, अंगावर कपडे कोणत्या रंगाचे, परतीची वेळ काय. शिवाय ती जागा कोणत्या थान्याच्या हद्दीत येते तेही. जाम गेटकडे बडगोंदा, खंडवा रोडला सिमरोल, हे आधीच विचारून ठेवलेलं बरं. ऐन वेळी घरचा माणूस घाबरलेला असतो, तो इंदूरच्या थान्यात जाऊन बसतो. कागदाच्या शेवटी एक वेळ असते. त्या वेळेपर्यंत माझा फोन आला नाही तर अर्धा तास थांबायचं आणि 112 ला लावायचा. "येईलच" म्हणून वाट बघत बसायचं नाही. ही वेळ पाळण्याची जबाबदारी माझीही आहे. गप्पांत विसरले आणि दोनदा उगाच धावाधाव करायला लावली, तर तिसऱ्यांदा कुणी जागचं हलणार नाही.

रस्त्यावरच्या माणसांशी नेमकं उलटं वागायचं. "अकेली हो?" ला माझं उत्तर ठरलेलं आहे : "नहीं भैया, पाँच जने हैं, पीछे गाड़ी में आ रहे हैं." हे खोटं बोलायला मला फार जड गेलं. घरी आरशासमोर उभं राहून म्हणून पाहिलं, कारण अडखळलेलं खोटं लगेच कळतं. कुठे जाणार, कधी परतणार, कुठे मुक्काम, ह्यातलं काही कुणाला सांगायचं नाही. फोटो टाकायचे ते घरी आल्यावर. नदीकाठी बसून स्टेटसला फोटो टाकणं म्हणजे मी टपरीवर जे बोलले तेच हजार लोकांना ऐकवणं. जिथे जमेल तिथे परतीची वाट वेगळी ठेवते. नसेल जमत तर निदान माझी वेळ कुणाला कळू देत नाही.

पण सगळ्यांपासूनच लपायचं, असा ह्याचा अर्थ नाही. जंगलात शिरण्याआधी शेवटच्या वस्तीत थांबून मी एखाद्या बाईशी बोलते. पाणी मागते, मुलांची चौकशी करते, नाव सांगते. नर्मदा परिक्रमेत माणसं पायी हिंडतात, तिथली जुनी शहाणीव हीच आहे. परिक्रमावासी दिवस मावळण्याआधी वस्ती गाठतात, "नर्मदे हर" म्हणत गावात शिरतात, मग गावाला कळतं की कुणी आलं आहे. शूलपाणीच्या झाडीत लुटले गेल्याच्या कहाण्या आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जातात, तरी वाट बंद पडली नाही. भारती ठाकूर 2005-06 मध्ये ती परिक्रमा पायी करून आल्या आणि पुढे नाशिक सोडून निमाडात, नर्मदाकाठच्या लेपा गावी मुलांना शिकवायला येऊन राहिल्या. बायकांनी ह्या वाटांवर जाऊ नये असं ज्यांना वाटतं, त्यांना मी हे आवर्जून सांगते.

कुणी मागावर आहे असं वाटलं तर खात्री व्हायची वाट पाहू नका. मनात पाल चुकचुकली की पुरे. उगाच कुणाचा अपमान होईल, ह्या संकोचापायी बायका फार वेळ थांबतात. अंदाज चुकला तर फार तर एक भला माणूस मनातून दुखावेल. आडरानाकडे वळू नका, माणसांकडे वळा, आणि शेतात राबणाऱ्या बायका दिसल्या तर त्यांच्याकडेच. मोठ्याने बोला. गाडीचा नंबर जोरात वाचा, "एमपी शून्य नऊ..." असा, त्याला ऐकू जाईल असा. कुणीतरी आपली नोंद घेतली आहे, हे त्याला कळलं पाहिजे.

वस्तूंबद्दल थोडंच. स्प्रे सॅकच्या पट्ट्याला बाहेर अडकवलेला हवा, आणि वारा आपल्या तोंडावर असेल तर तो आपल्याच डोळ्यांत जातो हे घरी गच्चीवर पाहून ठेवा. शिट्टी गळ्यात. मिनिटाला सहा वेळा वाजवायची, मिनिटभर थांबायचं, पुन्हा सहा वेळा, ही डोंगरातली मदतीची ठरलेली हाक आहे. 112 ला फोन करताना तुमच्या कंपनीचा टॉवर नसला तरी दुसऱ्या कंपनीचा असेल तर तो लागू शकतो, पण कुणाचाच नसेल तर नाही. म्हणून उतरताना शेवटची काडी कुठे दिसली ती जागा लक्षात ठेवते. लोकेशन पाठवायला नेट लागतं. मात्र आपण कुठे आहोत हे फोनला टॉवरशिवायही उपग्रहावरून कळतं, तेव्हा नकाशा घरीच उतरवून घ्या. सिग्नल अगदी क्षीण असेल तर नेटवरून काही जात नाही, साधा मेसेज मात्र कधीकधी जातो. टॉवर शोधून शोधून फोनची बॅटरी संपते, म्हणून दरीत तो फ्लाइट मोडवर ठेवा. पॉवरचं बटण लागोपाठ दाबलं की बऱ्याच फोनमधून मदतीचा कॉल जातो. तुमच्या फोनमध्ये ते कसं चालतं हे आजच बघा.

आणि पाणी. माणसाच्या भीतीत पाण्याची भीती विसरायची नाही. जुलै 2011 मध्ये पाताळपाणीला धबधब्याच्या तोंडाशी प्रवाहात उभी असलेली एकाच कुटुंबातली माणसं अचानक आलेल्या लोंढ्यात सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वाहून गेली. वर कुठेतरी पाऊस पडतो आणि आपल्या डोक्यावर ऊन असतं. नाल्याचं पाणी गढूळ झालं, काड्या-पाचोळा वाहून येऊ लागला की त्याच क्षणी काठ सोडायचा.

मला सगळ्यांत जास्त खंत एका गोष्टीची आहे. मी तक्रार केली नाही. "काही झालंच नाही तर सांगायचं काय?" असं मी मनाला समजावलं. पण बाईचा पाठलाग करणं हा 2013 पासून कायद्याने वेगळा गुन्हा आहे, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 मध्ये तो येतो. गुन्हा कुठेही घडलेला असो, कोणत्याही थान्यात तक्रार लिहून घेतली पाहिजे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत हे कलम 173 मध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे. मी त्या गाडीचा नंबर बघितला होता. चार आकडे आठवत होते. नंतर ते पुसट होत गेले. माझ्यानंतर त्या टपरीवर दुसरी कुणी बसली असेल आणि तिलाही कुणी "अकेली हो क्या" विचारलं असेल, हा विचार मला रात्री उठवतो.

मी जाणं सोडलेलं नाही. नव्याने सुरुवात करणाऱ्या मैत्रिणींना मी आधी राळामंडळला पाठवते. तिथे फाटक आहे, तिकीट आहे, टेकडीवर माणसांची ये-जा आहे. मग जानापाव, तेही सुट्टीच्या दिवशी, मंदिरात लोक असतात तेव्हा.

गेल्या रविवारी मीच जानापावला निघाले होते. आईंच्या हातात कागद दिला. त्यांनी चष्मा लावून तो खिडकीच्या उजेडात वाचला, मोठ्या आकड्यांचा त्यांचा फोन जवळ ओढला आणि म्हणाल्या, "चार वाजताची बस लिहिली आहेस. ती चुकली तर त्याच्या पुढची कितीची, ते कुठे आहे?"

मी चप्पल काढून आत आले आणि पेन शोधायला लागले.