सगळं जवळ असलेल्या गावात

अगं, पुणं सोडून कोल्हापूरला येतेयस म्हटल्यावर निम्मे लोक तुला 'किती निवांत आयुष्य!' म्हणत असतील आणि निम्मे 'मग करिअरचं काय?' असं विचारत असतील. दोन्ही ऐकून घे आणि बाजूला ठेव. तू पुण्यातनं येतेयस, पण खेड्यात चाललेली नाहीस. 2011 च्या जनगणनेत इथल्या महापालिका हद्दीत साडेपाच लाखांच्या घरात माणसं होती. पण एवढ्या माणसांचं गाव असूनही इथे सगळं जवळ आहे. ऑफिस जवळ, बाजार जवळ, दवाखाना जवळ, सासर जवळ आणि तुला ओळखणारी माणसं तर सगळ्यात जवळ. त्या जवळ असण्याचं काय करायचं, हे कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगते.

आधी वेळेचं. पुण्यात तुझे रोजचे दोन-अडीच तास रस्त्यावर जातात. इथे ताराबाई पार्कातनं राजारामपुरीला दहा-पंधरा मिनिटं पुरतात, आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत तुझी कंपनी आहे तिथे स्कूटरवर साधारण अर्ध्या तासात पोचशील. म्हणजे रोजचा तास-दीड तास हातात आला, असा हिशेब तू केलाच असशील. तो तास नेमका कोणाच्या हातात येतो, ते मात्र पहिल्या दोन महिन्यांतच ठरून जातं. पुण्यात 'ट्रॅफिकमध्ये अडकले' म्हटलं की विषय संपतो. इथे ते कारण चालत नाही. कंपनी कधी सुटते हे सासूबाईंना माहीत असतं, जाऊबाईंना माहीत असतं, खालच्या मजल्यावरच्या काकूंनाही माहीत असतं. मग तुझी संध्याकाळ तुला न विचारता आखली जाते. आत्यांकडे वास्तुशांत, मामेसासऱ्यांच्या नातवाचं बारसं, कोणाचं डोहाळेजेवण, कोणाकडे सत्यनारायण. 'पाच मिनिटांवर तर आहे, नुसतं तोंड दाखवून ये.' आणि गेलीस की नुसत्या चहावर कोणी सोडत नाही. जेवूनच जा म्हणतात आणि मनापासून म्हणतात, त्यामुळे उठताही येत नाही.

हे वाईट आहे असं मी म्हणत नाही. त्या पंगतीतच तुझी निम्मी माणसं जोडली जाणार आहेत. पण आठवड्यातल्या दोन संध्याकाळी पहिल्याच आठवड्यात तुझ्या म्हणून बांधून घे. आणि बांधताना त्यांना जागेचं नाव दे. 'मला जरा माझा वेळ हवाय' हे घरच्या मोठ्यांना समजत नाही, उगाच मनाला लागतं. 'मंगळवारी-गुरुवारी मी वाचनालयात जाते' हे समजतं. करवीर नगर वाचन मंदिर 1850 सालापासून आहे, त्याचं नाव घेतल्यावर कोणी आडकाठी करणार नाही. पोहायला जा, गाणं शीक, रंकाळ्याला चालायला जा, काहीही कर, पण वार आणि ठिकाण ठरलेलं असू दे. एक अजून. हे सासूबाईंना तू सांगू नकोस, तुझ्या नवऱ्याने सांगायचं. त्याची आई आहे, त्याचं गाव आहे, त्याच्या तोंडून ते साधं वाटेल. तुझ्या तोंडून पहिल्या महिन्यात ते तक्रारीसारखं ऐकू येईल.

आता ओळखीचं. हे तुला सगळ्यात जड जाणार आहे, मला ठाऊक आहे. पुण्यात तू कोणाबरोबर कॉफी प्यायलीस याचं कोणाला घेणंदेणं नव्हतं. इथे संध्याकाळी रंकाळ्यावर ऑफिसातल्या सहकाऱ्याबरोबर भेळ खाल्लीस, तर रात्रीच्या जेवणाआधी ते घरी पोचलेलं असेल. सांगणाऱ्याच्या मनात वाईट असेलच असं नाही. 'तुमच्या सूनबाई दिसल्या' एवढंच असतं बऱ्याचदा. पहिल्यांदा कोणी विचारलं की लपवू नकोस, खुलासाही देत बसू नकोस. 'हो, आमच्या डिझाइनमधला आहे, एकदा जेवायला बोलावते त्याला' म्हण आणि पुढच्या कामाला लाग. जे आपणहून सांगितलं जातं त्याची बातमी होत नाही. लपवलंस की मात्र तीच गोष्ट पेठेत फिरते.

आणि याच ओळखीची दुसरी बाजूही तुला लवकरच दिसेल. रात्री स्कूटर पंक्चर झाली तर अर्धं शटर ओढलेला दुकानदार ते पुन्हा वर करतो, कारण तू कोणाची कोण हे त्याला माहीत असतं. तापाने पडलीस तर दुपारपर्यंत दोन डबे दारात येतात. हे हवं आणि ते नको, असं इथे होत नाही. मात्र एक आपल्या हातात असतं. तुला लोकांनी कोणत्या नावाने ओळखायचं, हे तू ठरव. भाजीवाल्या मावशी, मेडिकलवाले दादा, नेहमीचे रिक्षावाले मामा, शेजारच्या फ्लॅटमधली वहिनी, या सगळ्यांना पहिल्या दिवशीच स्वतःचं नाव सांग, काय काम करतेस ते सांग. नाहीतर वर्षभरात तू 'पेठेतल्या अमक्यांची धाकटी सून' होशील आणि मग तीच ओळख पुसायला फार वर्षं लागतात. मी अशा किती हुशार मुली बघितल्यात, की गावाला त्यांचं नावच माहीत नाही.

एक खाजगीतलं सांगते. स्त्रीरोगतज्ज्ञ घरच्यांच्या ओळखीतली निवडू नकोस. इथे वैद्यकीय सोयी चांगल्या आहेत. सिंधुदुर्ग-रत्नागिरीपासून, सीमेपलीकडच्या निपाणीपासून माणसं उपचाराला कोल्हापुरात येतात, त्यामुळे निवडीला भरपूर वाव आहे. पण बाहेर बाकड्यावर आत्तेसासूबाईंची मैत्रीण बसलेली असली, तर आत तू डॉक्टरांना मोकळेपणाने काही विचारू शकणार नाहीस. मूल हवंय की नको, कधी हवंय, त्रास काय होतोय, हे तुमच्या दोघांतलं आहे. गावाच्या दुसऱ्या टोकाची डॉक्टर शोध. दुसरं टोक म्हणजे वीस मिनिटं. मनाचं काही दुखलं-खुपलं आणि समुपदेशकाशी बोलावंसं वाटलं, तर फोनवरून, व्हिडिओवरून दुसऱ्या शहरातली बघ. लाज वाटावी असं त्यात काही नाही, पण दवाखान्यापुढे लावलेली तुझी स्कूटर लोक ओळखतात आणि ती चिंता डोक्यात ठेवून बोलणं होत नाही.

घराचं मात्र नीट मन लावून ऐक, इथे घाई करू नकोस. बाल्कनीतनं दिसतं काय हे शेवटी बघ. आधी विचार, 2019 च्या आणि 2021 च्या महापुरात पाणी कुठवर आलं होतं? आणि हे बिल्डरला विचारू नकोस, एजंटालाही नको. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला विचार, तो भिंतीवर हात ठेवून दाखवेल. कुंभार गल्ली, सुतारवाडा, बापट कॅम्प, व्हीनस कॉर्नरच्या आसपास, नागाळा पार्काचा खालचा भाग, इथल्या लोकांनी घरातलं सामान डोक्यावरनं बाहेर काढलंय. पंचगंगा तर भरतेच, पण जयंती नाल्यातनं पाणी मागे फिरतं आणि नदीपासून लांब वाटणाऱ्या गल्लीत शिरतं. नकाशावर नदी दूर दिसली म्हणून निर्धास्त होऊ नकोस.

पावसाळ्यात तुला एक नवीन सवय लागेल. सकाळी उठल्यावर माणसं इथे राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी बघतात. 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट ही धोक्याची. हे दोन आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे किती उघडले, हेही तसंच विचारलं जातं. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं, पुण्याकडचा हायवे शिरोलीजवळ बुडाला आणि कित्येक दिवस बंद राहिला. उपसा केंद्रं पाण्यात गेल्यामुळे सगळीकडे पाणी आणि घरातले नळ कोरडे, अशी गत होती. म्हणून जुलै लागला की पिण्याचं पाणी साठवायची सोय, आठवड्याचा शिधा, औषधं आणि कागदपत्रांची पिशवी वरच्या कपाटात ठेव. उंचावर राहत असलीस तरी ठेव, कारण मग तुझ्याकडे कोणीतरी राहायला येणार असतं आणि ते यायलाच हवं.

भाडं कमी म्हणून पाचगाव, कळंबा, उजळाईवाडीकडे फ्लॅट दाखवतील. चांगले असतात. फक्त लक्षात ठेव, 1972 साली महापालिका झाली तरी कितीतरी वर्षं शहराची हद्द वाढलीच नाही, त्यामुळे सलग शहर दिसत असलं तरी मधेच ग्रामपंचायत सुरू होते. पाणी कोणाचं, किती दिवसांनी, टँकर लागतो का, एवढं विचारूनच अनामत दे.

आता मला या गावाबद्दल जे सगळ्यात खरं वाटतं ते सांगते. इथे बहुतेक गोष्टी एकेकच आहेत. पुण्यात एक नाट्यगृह बंद पडलं तर माणसं दुसऱ्याला जातात. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेलं, 1915 पासूनचं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. बातमी कळताच माणसं धावत तिथे गेली, नट रडले, तिथे कधी नाटकात उभेही न राहिलेले लोक रडले. कारण ते गेलं की तसं दुसरं काही नव्हतं. शहरातल्या रस्त्यांवर टोल लावला तेव्हाही असंच झालं. टोलविरोधी आंदोलनात एन. डी. पाटील यांच्यासारखी वयाने थकलेली माणसं रस्त्यावर उतरली आणि गाव त्यांच्यामागे उतरलं, शेवटी टोल गेला. मोठ्या शहरात तू रहिवासी असतेस, तुझ्यावाचून काही अडत नाही. इथे शंभर माणसं जमली की कार्यक्रम उभा राहतो, आणि वीसच आली तर पुढच्या वर्षी तो होत नाही. म्हणून तिकीट काढून नाटकाला जा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाची फुटबॉल मॅच असली की घरातली सगळी त्याच चिंतेत असतील, तेव्हा नियम विचारून घे आणि त्यांच्याबरोबर बस. आषाढात त्र्यंबोली देवीला, म्हणजे टेंबलाईला, पंचगंगेचं नवं पाणी वाहतात, पी ढबाक वाद्यांच्या सुरावर बायका-मुली डोक्यावर कलश घेऊन टेंबलाईच्या टेकडीकडे निघतात, त्यांच्यात एकदा तरी चाल. या सगळ्यासाठी रजा काढावी लागत नाही, महिनाभर आधी ठरवावं लागत नाही. घराबाहेर पडलीस की तू तिथे असतेस. हे सुख पुण्यात तुला मिळणार नाही, कितीही पगार असला तरी.

पगाराचं खरं सांगायचं तर तो कमी असेल, आणि घरभाडं कमी म्हणून सगळं भरून निघेल असं नाही. फाउंड्री, यंत्रांचे सुटे भाग, साखर, दूध यांवर इथलं बरंचसं चालतं. तुझ्या कामाच्या कंपन्या बोटांवर मोजण्याएवढ्या, आणि शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथले मालक-मॅनेजर एकमेकांच्या लग्नकार्यात भेटणारे. तेव्हा कुठलीही नोकरी सोडताना काम नीट हातावेगळं करून सोड, भांडून नको. पगार ठरवताना मात्र भीड ठेवू नकोस. 'नवऱ्याचं घर आहे की इथे' असं कोणी म्हणालं तर पुण्यातला आकडा शांतपणे सांग. पुण्याच्या जुन्या टीमशी संबंध तोडू नकोस, एखादं काम तिथलंही चालू ठेव. रेल्वे आहे, रस्ता सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरचा आहे, महिन्यातून एक चक्कर सहज होते. आणि वर्ष-दोन वर्षांनी खरंच वाटलं की इथे तुझी वाढ होत नाही, तर दोघांनी बसून परत जायचं ठरवा. त्यात कोणाचा अपमान नाही.

बाकी, कारखान्यांत काम करणाऱ्या आम्ही काही जणी महिन्यातून एकदा जेवायला भेटतो. ड्रॉइंगवाली आहे, क्वालिटीवाली आहे, एकीची स्वतःची छोटी मशीनशॉप आहे. सामान लागलं की मला कळव, पुढच्या वेळी तुला घेऊन जाते. तिथे कोणी तुला सासर विचारणार नाही, कोणत्या मशीनवर काम करतेस ते विचारतील.